आजची भाकर आजच्यापुरती



या पानाकडे येणाऱ्या तुमच्या पत्रांतून दोन प्रश्न फिरून फिरून भेटतात. एक भगिनी लिहिते, "ताई, मी रोज प्रार्थना करते, रविवार चुकवत नाही, तरी माझा विश्वास काही वाढत नाही. घरात जरा काही झालं की छातीत धडधडायला लागतं." दुसरी लिहिते, "सर्वांवर प्रीती करा, हे ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या जावेवर कशी करू, तेवढं सांगा!"

आज या दोन्ही प्रश्नांवर बोलू या. मी काही पाळकीणबाई नाही. घर सांभाळून दुपारचे चार तास शाळेत शिकवणारी, तुमच्यासारखीच एक गृहिणी. माझे घर ख्रिस्ती, म्हणून माझ्या घरातल्या शब्दांत बोलेन. आपल्या वाचक भगिनींत सगळ्याच धर्मांच्या आहेत, हे मी जाणते. तुम्ही आपापल्या देवाचे नाव घालून वाचलेत तरी चालेल. काळजी आणि जाऊ या दोन गोष्टी सगळ्याच घरांत असतात, नाही का?

काळजी कुठून येते?

आधी आपल्या भागाचीच गोष्ट घ्या. 1954 साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला आणि पुढे या पट्ट्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्या काळी कायम नोकरी लागली की घर निर्धास्त होई. पगाराची तारीख ठरलेली, निवृत्तीचे वर्ष ठरलेले. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कितीतरी घरे कंत्राटी कामावर चालतात. काही महिने काम, मग 'ब्रेक'. पुन्हा बोलावतील की नाही, ते सांगता येत नाही. ब्रेकच्या दिवसांत घरभाडे मात्र थांबत नाही, आणि मुलांची फीही थांबत नाही.

त्यात आपली सांगवी दोन नद्यांच्या मध्ये. एकीकडे मुळा, दुसरीकडे पवना. वर मुळशी आणि पवना धरणांतून पाणी सोडले की इथे काठावरच्या बायका झोपत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2024 च्या जुलैमध्ये नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. ज्यांच्या घरात पाणी आले त्यांना विचारा. गादी वाळते, कपाट वाळते, पण पुढच्या पावसाळ्याची धास्ती काही वाळत नाही.

तेव्हा "काळजी करू नका" असे कुणी सहज म्हटले की राग येतो, हे मला समजते. काळजीला कारण आहे. मग विश्वास म्हणजे काय? कारण नाही असे समजायचे? तसे मुळीच नाही.

पिठाचा डबा

पवित्र शास्त्रात सारफथ नावाच्या गावातल्या एका विधवेची गोष्ट आहे. दुष्काळाचे दिवस. घरात मूठभर पीठ आणि थोडेसे तेल. ती सरपण गोळा करायला निघाली आहे. एवढे शिजवू, मी आणि माझा मुलगा खाऊ, आणि मग मरणाची वाट पाहू, असा तिचा हिशेब. अशा वेळी एलीया संदेष्टा तिच्यापाशी भाकर मागतो. ती देते. आणि दुष्काळ सरेपर्यंत तिचे पीठ संपत नाही, तेल आटत नाही.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटे, देवाने तिला एकदम पोतेभर पीठ का नाही दिले? स्वतःचा संसार सुरू झाल्यावर मी ती गोष्ट पुन्हा वाचली, तेव्हा त्यातली खरी मेख समजली. तिच्या डब्यात पोतेभर पीठ कधीच आले नाही. डब्यात रोज हात घालावा आणि रोज त्या दिवसापुरते निघावे, एवढेच. म्हणजे तिला रोज सकाळी डबा उघडण्याचे धैर्य करावे लागले असणार!

इस्राएल लोकांच्या मान्न्याचेही तेच. रानात रोज सकाळी त्या दिवसापुरते वेचायचे. कुणी उद्यासाठी दडवून ठेवले तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा. आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण काय मागतो, ते आठवा. मागतो ती आजची भाकर. वर्षाची बेगमी मागायला प्रभूने शिकवलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. विश्वास आणि प्रीती या बँकेत एकदम भरायच्या ठेवी नव्हेत. त्या रोजच्या रोज, त्या दिवसापुरत्या वापरायच्या आणि वापरानेच वाढायच्या. "माझा विश्वास वाढत नाही" असे म्हणणारी बहीण बहुधा वर्षभराचा विश्वास एका रात्रीत गोळा करू पाहते. मुलाचे दहावीचे काय, मुलीच्या लग्नाचे काय, म्हातारपणी कोण बघेल, हे सगळे रात्री अकरा वाजता अंथरुणावर! तेवढ्या सगळ्याला पुरेल एवढे बळ त्या एका रात्री मिळत नाही. ते मिळणारही नाही. आजच्यापुरते मात्र मिळते.

शाळेत मी मुलांना शुद्धलेखनाचे रोज एक पान लिहायला लावते. अक्षर कालच्यापेक्षा आज सुधारले, असे कधी दिसत नाही. पण जूनमधली वही आणि फेब्रुवारीतली वही शेजारी ठेवली की मूल स्वतःच हसते. आपलेही तसेच आहे.

लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात

आता जावेच्या प्रश्नाकडे येते. त्यासाठी तुम्हाला आपल्या मराठी घरातल्याच एका बाईकडे नेते. लक्ष्मीबाई टिळक. त्यांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असतील, निदान शाळेत एखादा उतारा तरी. 1868 सालचा त्यांचा जन्म, नाशिककडचा. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड की बाहेरून आलेले मीठसुद्धा त्यांच्या घरात धुऊन घेत. ज्या घरात सगळ्या जगाचा विटाळ मानला जाई, त्या घरात ही मुलगी वाढली. शाळेचे तोंडही तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून.

पती म्हणजे कवी नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मैत्रिणींनो, त्या काळचे हे संकट आज आपल्या लक्षात येणार नाही. पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत असून दुरावलेला, आणि समाजाच्या लेखी हा संसार बुडालेला. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे माहेरसासरच्या माणसांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. नंतर त्या मुलाला घेऊन अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, पतीपाशी आल्या. पण नवऱ्याचा धर्म लगेच घेतला नाही. आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी त्यांनी वेगळेच राखले.

पुढे काय झाले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. त्या स्वतः विचार करीत राहिल्या. जातपात देवाने केली की माणसाने? विचार करता करता ती माणसानेच केली, असे त्यांच्या मनाने घेतले. आणि मग कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याची आडकाठी त्यांनी आपण होऊन टाकली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. म्हणजे प्रीती आधी पाण्याच्या भांड्यापाशी आणि ताटापाशी आली. धर्माचा संस्कार मागाहून झाला.

पुढचा संसारही काही सुखाचा गालिचा नव्हता. टिळकांचा स्वभाव अतिशय उदार आणि तितकाच लहरी. हातात पैसा टिकायचा नाही. निराधार मुले, अडलेली माणसे ते घरी घेऊन यायचे, आणि शिजवायचे, निस्तरायचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंचे! 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसते की त्या चिडायच्या, भांडायच्या, फटकळ बोलायच्याही. संतिणीसारखे गोड बोलणे त्यांना जमत नव्हते. पण ताट मात्र वाढले जाई. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते पुरे केले ते याच, शाळेत न गेलेल्या बाईने.

म्हणून जावेच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. जाऊ आवडली पाहिजे, असे कुणीही म्हटलेले नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय काढून बघा. लग्नात हमखास वाचतात तोच. पौलाने तिथे प्रीतीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत मनाला गुदगुल्या होणारी एकही नाही. सहन करणे, हेवा न करणे, फुशारकी न मारणे, दुसऱ्याने केलेल्या वाइटाची नोंद ठेवत न बसणे, अशी सगळी कामेच आहेत. मन तयार नसले तरी हात तयार करता येतात. जावेचा ताप उतरेपर्यंत तिच्या मुलांचा डबा आपण भरायचा. तिची आई आली तर चहा आपण ठेवायचा. तिच्याबद्दलची एक गोष्ट, जी आज शेजारणीला सांगायची अगदी जिभेवर आली आहे, ती आज सांगायची नाही. फक्त आज. उद्याचे उद्या.

विश्वास म्हणजे हातावर हात नव्हे

दुसरी बाई पंडिता रमाबाई. यांचे केडगाव आपल्या पुणे जिल्ह्यातच, दौंडच्या वाटेवर. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले. पदरात एक तान्ही मुलगी. एवढे सोसलेल्या बाईने देवावर रुसून घरात बसायला हवे होते, असे कुणीही म्हणेल. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. ते पुढच्याच वर्षी पुण्यात आले.

मग 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर 'मुक्ती' उभे राहिले. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे राहत होती. डोळ्यांसमोर आणा बरे! आपल्याकडे चार पाहुणे वाढले तर आपण पिठाच्या डब्याकडे बघतो.

रमाबाई प्रार्थना करीत, हे तर खरेच. पण त्यांनी विहिरी खणवल्या, शेती केली, विणकाम आणि छपाई मुलींना शिकवली. छापखान्यातले खिळे जुळवण्याचे कामसुद्धा मुली करीत. आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल असावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून ते भाषांतर त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या. 1921 साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर पुरे झाले होते. त्यांचे मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

पाण्यासाठी प्रार्थनाही केली आणि विहीरही खणली. विश्वास असा असतो.

हे मी मुद्दाम सांगते, कारण "देवावर सोड" हे वाक्य आपल्या घरांतून फार चुकीच्या जागी वापरले जाते. नवरा दारू पिऊन मारतो, "देवावर सोड". स्तनात गाठ लागली आहे, "प्रार्थना कर, जाईल". कुणाकडून भरमसाट व्याजाने पैसे उचलले आहेत आणि घरात सांगायची भीती वाटते, "देव बघून घेईल". मैत्रिणींनो, हा विश्वास नव्हे. मार खाणे ही ख्रिस्ती प्रीती नाही, आणि दुसऱ्या कुठल्या धर्मातलीही नाही. छळ सोसणाऱ्या बाईसाठी 2005 सालापासून कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. 181 हा स्त्रियांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे, तो पाठ करून ठेवा. गाठ लागली तर प्रार्थना करा, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जा. डॉक्टरला बुद्धी देणाराही देवच ना? रमाबाईंकडे आलेल्या मुलींना त्यांनी नुसता उपदेश केला नाही. आधी छप्पर दिले, जेवण दिले, हाताला काम दिले.

घरात करून पाहण्यासारखे

आपल्या पानाची रीत अशी की शेवटी काहीतरी करून पाहण्याजोगे द्यायचे. तर हे घ्या. एकदम सगळे करू नका, यातले एकच निवडा.

एक. सकाळी गॅस पेटवण्याआधी पाच मिनिटे. लांबलचक प्रार्थना नको. आज माझ्यापुढे काय काय आहे ते देवाला सांगायचे, आणि आजच्यापुरते बळ मागायचे. उद्याचा विषय निघाला तर "उद्या सांगेन" म्हणून थांबायचे. प्रथम प्रथम हसू येईल. पण आठ-दहा दिवसांत मन वळण घेऊ लागते.

दोन. घरखर्चाच्या वहीचे शेवटचे पान राखून ठेवा. डावीकडे आज ज्याची भीती वाटते ते एका ओळीत लिहा, तारीख घालून. महिन्याअखेर हिशेब करताना उजवीकडे त्याचे काय झाले ते लिहा. काही भीती खऱ्या ठरलेल्या असतील. त्या वेळी कोण धावून आले, तेही लिहा. पुष्कळ भीती खऱ्या ठरलेल्या नसतील. मन विसरते हो, वही विसरत नाही.

तीन. मूठभर तांदूळ. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांची ही जुनी रीत आहे. 1910 सालापासून तिथल्या घरांत, स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातला एक मूठ बाजूला काढून ठेवतात. साठलेला तांदूळ मंडळीला देतात, तो विकून आलेल्या पैशांतून मंडळीची कामे चालतात. हातात रोकड नसलेली बाईसुद्धा देणारी होते, हे त्यातले मोठेपण. आपल्याकडे तांदूळ नाही तर ज्वारी, बाजरी, डाळ चालेल. महिन्याअखेर ज्या घरी 'ब्रेक' चालू आहे, त्या घरी गुपचूप पोचवा. धान्य देताना उपदेश मात्र देऊ नका! स्वतःच्या घरी ब्रेक असेल तेव्हा चिमूटभर काढा. सारफथच्या बाईने तेच केले होते.

चार. घ्यायलाही शिका. आपण बायका द्यायला पुढे आणि घ्यायला मागे. शेजारीण भाजीची वाटी घेऊन आली की वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून आपण तणतणत काहीतरी करत बसतो. कधीतरी वाटी नुसती धुऊन, हसून परत करा. देवाची मदत बहुतेक वेळा शेजारणीच्याच हातून येते. पुराच्या दिवसांत ज्यांना दुसऱ्यांच्या घरी रात्र काढावी लागली, त्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको.

पाच. जिच्याशी पटत नाही तिच्यासाठी रोज एकच वाक्याची प्रार्थना. "तिला सुधार" अशी नको बरे का! तिचे गुडघे दुखतात, तिचा मुलगा ऐकत नाही, तिची झोप उडाली आहे, त्यासाठी करा. दुसऱ्याच्या गुडघ्यांसाठी महिनाभर प्रार्थना केल्यावर त्या माणसाशी पूर्वीसारखे भांडता येत नाही. भांडण झाले तरी आवाज खाली राहतो. करून बघा.

एवढे करूनही काही रात्री छातीत धडधड होणारच. म्हणजे विश्वास नाही, असे समजू नका. रमाबाई रडल्या नसतील? लक्ष्मीबाई तर चांगल्या कडाडून भांडत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून डबा उघडायचा, हात घालायचा, आणि जे निघेल त्यातून सगळ्यांना वाढायचे, हे दोघींनीही केले. आपल्यालाही तेवढेच करायचे आहे.

तुमच्याकडे उन्हाळ्यात धान्य साठवताना त्याला कीड लागू नये म्हणून काय करता, ते मला लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात त्यावरच बोलू. आणि या पाचांपैकी तुम्ही कोणते निवडले, तेही त्याच पत्रात एका ओळीत लिहा. मला वाचायला फार आवडेल.

तुमची,
सांगवीची ताई